डॉक्टरेटआधीची बावीस वर्षं

अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था, म्हणजे एनआयएच, संशोधक नवखा की मुरलेला हे ठरवताना जन्मतारीख विचारत नाही. शेवटची संशोधन-पदवी मिळून दहा वर्षं व्हायची असतील आणि मोठं स्वतंत्र अनुदान अजून पदरात पडलेलं नसेल, तर माणूस नवखा. अशांच्या अर्जांना निवडीत थोडं झुकतं माप मिळतं. हेतू चांगला आहे. प्रस्थापितांच्या गर्दीत नव्यांची घुसमट होऊ नये म्हणून केलेली ही सोय. पण तिच्या पोटात एक गृहीतक दडलेलं आहे आणि माझं भांडण त्याच्याशी आहे. पदवी मिळेपर्यंत माणूस शिकतो आणि पदवीनंतर काम करतो, असं ते गृहीतक. पदवीआधी प्रयोगशाळेत उभं राहून काढलेली वर्षं या हिशेबात शून्य धरली जातात.

याच संस्थेत अर्धं आयुष्य काढलेल्या ज्युलियस ॲक्सेलरॉड या जीवरसायनशास्त्रज्ञांना हा हिशेब लावून पाहू. जन्म १९१२चा, डॉक्टरेट १९५५ची. म्हणजे त्रेचाळिशीला टेकलेला नवखा! या नवख्याच्या खात्यावर तोवर काय जमा होतं? आज जगभर ताप आणि डोकेदुखीवर घेतलं जाणारं पॅरासिटामॉल हे एका जुन्या औषधाचं शरीरात तयार होणारं रूप आहे, हे त्यांनी बर्नार्ड ब्रॉडी या औषधशास्त्रज्ञांसोबत १९४८ साली दाखवलं होतं. औषधं मोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, यकृताच्या पेशीत नेमकी कुठे बसलेली असतात आणि त्यांना कामाला काय लागतं, याचाही माग त्यांनी काढला होता. पुढे १९७० साली नोबेल मिळालं ते या दोन्हींसाठी नव्हे. ते मिळालं चेतातंतूंमधून सुटणाऱ्या नॉरॲड्रिनालिनचा निकाल शरीर कसा लावतं, यावरच्या कामाला.

संशोधकाची पारख करताना पदवीचं साल आणि विषयाचं नाव या दोन गोष्टींना आपण अवाच्या सवा वजन देतो, आणि माणसाला काय मोजता येतं, ते मोजून त्याने काय दाखवलं, याला फारच कमी, असं माझं म्हणणं आहे. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थांनी तरी हे उलटवायला हवं.

ॲक्सेलरॉड न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात, पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबात वाढले. वडील टोपल्या विणायचे. न्यूयॉर्क विद्यापीठात एक वर्ष काढल्यावर पैसे संपले, म्हणून फी नसलेल्या सिटी कॉलेजात गेले आणि १९३३ साली पदवीधर झाले. ऐन महामंदीचं वर्ष. डॉक्टर व्हायचं होतं, पण वैद्यकीय महाविद्यालयांनी दारातूनच परत पाठवलं. ज्यू विद्यार्थ्यांची संख्या मोजून-मापून ठेवायची, हे तेव्हा त्या महाविद्यालयांचं उघड गुपित होतं. मग महिना २५ डॉलरवर एका प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून चिकटले. १९३५ पासून दुसऱ्या प्रयोगशाळेत नोकरी: खाद्यपदार्थांत घातलेली जीवनसत्त्वं खरोखर किती आहेत, हे तपासायचं. अकरा वर्षं हेच काम. मधल्या काळात संध्याकाळच्या वर्गांना जाऊन १९४१ साली एमए केलं, आणि अमोनियाच्या बाटलीचा स्फोट होऊन डावा डोळा गमावला.

चरित्रकार हा काळ घाईने उरकतात, कारण त्यात गोष्ट नाही. मला वाटतं, खरी गोष्ट इथेच आहे. जीवनसत्त्व मोजायची पद्धत छापील असते, पण दुधाला चालते ती पिठाला चालत नाही. नमुन्यात भलतंच काही असतं आणि तेही त्याच रंगाने चमकतं. मग पद्धत वाकवावी लागते, आम्ल बदलावं लागतं, कोणत्या द्रावकात काय विरघळतं हे अंगवळणी पडावं लागतं. हे अकरा वर्षं केलेल्या माणसाच्या हातात जे येतं ते कुठल्याही गुणपत्रिकेत उमटत नाही. या नोकरीत मोजमापाच्या पद्धती बदलून घेण्याचा जो सराव झाला तो पुढे कामी आला, असं ॲक्सेलरॉड स्वतःही सांगत.

तो कामी आला १९४६ साली. ॲसिटॅनिलाइड हे ताप उतरवणारं औषध १८८६ पासून वापरात होतं. गुण येई, पण काही रुग्णांचं रक्त बिघडे आणि त्वचा निळसर पडे. हिमोग्लोबिनचं रूप बदलून ते प्राणवायू वाहायला नालायक होई. वेदनाशामकं बनवणाऱ्या कंपन्यांच्या एका संस्थेने याचा छडा लावायला पैसे दिले आणि काम ॲक्सेलरॉड यांच्या प्रयोगशाळेकडे आलं. त्यांना असल्या संशोधनाचा अनुभव नव्हता. वरिष्ठांनी सांगितलं, गोल्डवॉटर मेमोरियल रुग्णालयात ब्रॉडी म्हणून आहेत, त्यांना भेट.

ब्रॉडींनी पहिल्या भेटीत विचारलेला प्रश्न साधा होता. ॲसिटॅनिलाइडच्या रेणूकडे पाहा. एक तुकडा गळून पडला तर काय उरतं? उरतं ॲनिलिन. आणि ॲनिलिन रक्त असंच बिघडवतं हे ठाऊक होतंच. मग रुग्णाच्या रक्तात ॲनिलिन सापडतं का ते पाहायचं. बोलायला सोपं, पण रक्तातलं इतकं अल्प ॲनिलिन मोजायची पद्धत आधी उभी करावी लागणार होती. ती ॲक्सेलरॉड यांनी उभी केली. ॲनिलिन सापडलं, आणि ते जितकं जास्त तितकं खराब हिमोग्लोबिन जास्त, हेही दिसलं. दुसरा कोणी असता तर इथेच थांबला असता, कारण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं.

पण हिशेब जुळत नव्हता. घेतलेल्या औषधाच्या मानाने ॲनिलिन फारच थोडं निघत होतं. बाकीचं गेलं कुठे? वर्षानुवर्षं डब्यावरचा आकडा आणि आतला आकडा ताडून पाहणाऱ्या माणसाला हा प्रश्न स्वस्थ बसू देईल कसा? लघवीत शोध घेतला तेव्हा औषधाचा बहुतेक भाग एका वेगळ्याच रूपात, दुसऱ्या रेणूला बांधून बाहेर पडताना सापडला. ते रूप वेगळं काढून तपासलं. वेदना कमी करण्यात ते मूळ औषधाच्या तोडीचं होतं आणि रक्त बिघडवत नव्हतं. हेच पॅरासिटामॉल. रसायन म्हणून ते १८७८ सालापासून ज्ञात होतं, १८९३ मध्ये रुग्णांना देऊनही पाहिलं गेलं होतं, पण तेव्हा त्यावरही रक्त बिघडवण्याचा ठपका बसला आणि ते बाजूला पडलं. बहुधा नमुना शुद्ध नसावा. पन्नासेक वर्षं अडगळीत पडलेल्या औषधाला या मोजमापाने पुन्हा बाहेर काढलं.

१९४९ साली जेम्स शॅनन यांनी एनआयएचमधल्या नव्या राष्ट्रीय हृदय संस्थेसाठी माणसं जमवली, तेव्हा ब्रॉडी आणि ॲक्सेलरॉड दोघेही एनआयएचच्या गावी, बेथेस्डाला गेले. ॲक्सेलरॉड यांनी कॅफीन, ॲम्फेटामीन, एफेड्रिन अशा औषधांचा शरीरात पाठलाग सुरू केला. औषध बदलतं हे दिसत होतं. ते बदलतं कोण, हे ठाऊक नव्हतं. विकरांच्या कामाची त्यांना माहिती नव्हती. प्रयोगशाळेतले सहकारी गॉर्डन टॉमकिन्स यांना त्यांनी विचारलं, हे मला जमेल का? टॉमकिन्स म्हणाले, एक यकृत आणि एक दाढीचं पातं असलं की झालं.

मग सशाच्या यकृताचे काप, मग त्याचा लगदा, मग तो लगदा फिरवून वेगळे केलेले थर. ॲम्फेटामीन मोडण्याचं सामर्थ्य एकट्या कुठल्याच थरात नव्हतं. मायक्रोसोम नावाचे बारीक कण आणि त्यांच्यावरचा द्रव, दोन्ही एकत्र आणल्यावरच औषध नाहीसं होई. द्रवाचं काम एवढंच होतं की त्यातली विकरं एक विशिष्ट सहविकर, म्हणजे विकराला मदत करणारा छोटा रेणू, इलेक्ट्रॉनांनी भारून ठेवत. आणि गंमत म्हणजे प्राणवायूही लागे. इलेक्ट्रॉन देणारा घटक आणि ते ओढून घेणारा प्राणवायू, दोन्ही एकाच वेळी लागावेत, ही गोष्ट तेव्हाच्या रसायनशास्त्राच्या नजरेला विचित्र होती. आज वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्याला ती पहिल्या-दुसऱ्या वर्षी पाठ असते.

इथे माझ्या युक्तिवादाचा नाजूक भाग येतो. १९५५ साली 'सायन्स' या नियतकालिकात यकृताच्या मायक्रोसोमांवरचा तो प्रसिद्ध छोटा लेख आला तेव्हा त्यावर सात नावं होती. पहिलं ब्रॉडींचं, दुसरं ॲक्सेलरॉड यांचं. शोध आपला होता आणि तो सगळ्यांत वाटला गेला, ही सल ॲक्सेलरॉड यांना कायम राहिली. ब्रॉडींवर अन्याय नको. औषधांच्या चयापचयाचं क्षेत्रच मुळी त्यांनी उभं केलं होतं, प्रयोगशाळेतले इतरही त्याच दिशेने चालले होते आणि ॲक्सेलरॉड यांचे स्वतःच्या नावाचे लेखही त्याच वर्षी छापून आले. तरीही हा वाद एवढा चिघळतो कशामुळे? पदवी नसलेला माणूस कितीही पुढे गेला तरी व्यवस्थेच्या लेखी तो कुणाचा तरी हात असतो, आणि हाताने लावलेला शोध डोक्याच्या नावावर चढतो. दोघांतल्या एकाचा स्वभाव वाईट होता असं मानायची गरज नाही. पदांची उतरंडच तशी होती.

डॉक्टरेटशिवाय आपल्याला पुढची पायरी नाही, हे ॲक्सेलरॉड यांना कळून चुकलं. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाने आधी छापलेलं संशोधन प्रबंधासाठी ग्राह्य धरलं. वर्षभर वर्गात बसून, परीक्षा देऊन ते १९५५ साली डॉक्टर झाले. या एका वर्षात त्यांच्या हातात नवं कौशल्य किती आलं असेल, हे वाचकानेच ठरवावं. बदललं ते पद. ते एनआयएचमधल्याच राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत गेले, स्वतःचा विभाग मिळाला, आणि विषय त्यांनी पार बदलला.

आजच्या कुठल्याही निवड समितीला हे पाहून कपाळाला हात लावावासा वाटेल. जीवनसत्त्वं, मग वेदनाशामकं, मग यकृताची विकरं, मग ॲड्रिनालिन, मग मेलाटोनिन. अर्जात लिहिलं तर धरसोड वाटेल. समिती विचारील, या माणसाचं क्षेत्र तरी कोणतं?

क्षेत्र एकच होतं. एखादा लहानसा रेणू शरीरात आला की शरीर त्याचं काय करतं, आणि ते मोजायचं कसं. गोळीतून आलेला रेणू आणि ग्रंथीतून आलेला रेणू यांत यकृताला फरक वाटत नाही. हा भेद विद्यापीठातल्या विभागांनी केलेला आहे, निसर्गाने नाही. संप्रेरकांचा, म्हणजे हार्मोन्सचा, अभ्यास एका मजल्यावर, औषधांच्या चयापचयाचा दुसऱ्या. ॲक्सेलरॉड यांच्या मायक्रोसोमांतलं ते गूढ विकर कोणतं, याचं उत्तर हळूहळू मिळालं, तेही याच दोन मजल्यांवर ये-जा करत. १९५८ साली मायक्रोसोमांत एक अनोळखी रंगद्रव्य दिसलं. १९६२ साली ओमुरा आणि सातो या जपानी संशोधकांनी त्याला सायटोक्रोम पी-४५० हे नाव दिलं. ते करतं काय, हे पहिल्यांदा कळलं १९६३ मध्ये, आणि तेही यकृतात नव्हे, तर मूत्रपिंडावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात. रोनाल्ड एस्टाब्रूक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की स्टेरॉइड संप्रेरक घडवताना त्यावर प्राणवायूचा अणू चढवण्याचं काम हे रंगद्रव्य करतं. औषधं मोडण्यातही तेच असतं, हे त्यानंतर दोन वर्षांनी सिद्ध झालं. माणसाच्या जनुकसंचात या कुळाची ५७ जनुकं आहेत. त्यांतली काही कोलेस्टेरॉलपासून संप्रेरकं घडवतात, काही ती संप्रेरकं मोडतात, काही औषधांचा निकाल लावतात, आणि बरीचशी एकाहून अधिक कामं करतात.

हा एकोपा कागदावरचा नाही. क्षयावरचं रिफॅम्पिसिन सुरू असलेल्या स्त्रियांच्या पाळीत गडबड होते, गर्भनिरोधक गोळ्या घेऊनही दिवस राहतात, हे डॉक्टरांच्या ध्यानात १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला आलं. रिफॅम्पिसिनमुळे यकृत औषध मोडणारं विकर जास्त प्रमाणात तयार करतं आणि तेच विकर गोळीतलं इस्ट्रोजेनही झपाट्याने संपवतं. यकृताच्या पेशीला ही आज्ञा कोण देतं, ते कळायला १९९८ साल उजाडलं. ज्या ग्राहीमुळे, म्हणजे रेणू ओळखणाऱ्या प्रथिनामुळे, हे घडतं तो स्टेरॉइड संप्रेरकांच्या ग्राहींच्याच कुळातला निघाला. म्हणजे संप्रेरक ओळखायची जी यंत्रणा, तिचाच एक भाऊबंद परक्या औषधांवर पहारा ठेवतो. संप्रेरकांचे तज्ज्ञ आणि औषधांचे तज्ज्ञ वेगवेगळ्या समित्यांपुढे अर्ज करत असतात, तेव्हा त्या बाईच्या शरीरात हे सगळं एकाच पेशीत चाललेलं असतं.

आता ॲड्रिनालिनकडे. १९५७च्या सुमारास मानसिक आरोग्य संस्थेतले शास्त्रज्ञ सीमोर केटी यांनी एका चर्चेत एक तर्क मांडला गेल्याचं सांगितलं: स्किझोफ्रेनियात ॲड्रिनालिनचं भलत्याच पदार्थात रूपांतर होत असावं. ॲक्सेलरॉड यांच्या मनात आलं, भलतं रूपांतर ओळखायला आधी नेहमीचं रूपांतर ठाऊक हवं, आणि ते तर कुणालाच नीट माहीत नाही. ते कामाला लागले. काही महिने ते चुकीच्या विकराच्या मागे होते आणि हाती काहीच लागलं नाही. मग एका परिषदेच्या सारांशात त्यांनी वाचलं की ॲड्रिनल ग्रंथीच्या एका गाठीचे रुग्ण लघवीतून एक विशिष्ट आम्ल मोठ्या प्रमाणात टाकतात. त्या आम्लाच्या रचनेत मिथाइलचा एक जादा गट होता. तो गट कुठेतरी चढला असणार, म्हणजे तो चढवणारं विकर असणार. यकृताचा अर्क, ॲड्रिनालिन आणि मिथाइल पुरवणारी सामग्री एकत्र केली. ॲड्रिनालिन नाहीसं झालं. थोड्याच दिवसांत कॅटेकॉल-ओ-मिथाइलट्रान्सफरेज हे विकर आणि त्याच्या क्रियेतून ॲड्रिनालिनपासून बनणारं मेटानेफ्रिन दोन्ही हाती आली. ती गाठ ओळखायला आजही डॉक्टर रक्तातली किंवा लघवीतली मेटानेफ्रिन्स मोजायला सांगतात, आणि त्या विकराला अडवणारी औषधं पार्किन्सनच्या रुग्णांना दिली जातात.

ज्या तर्कामुळे हे सुरू झालं तो तर्क टिकला नाही. पण त्यामुळे या कामाचं काही बिघडलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. अर्जात उद्दिष्ट म्हणून लिहिलेलं खोटं ठरलं आणि मोजमाप खरं निघालं.

त्यातून पुढचा पेच निघाला. हे विकर अडवलं तरी नॉरॲड्रिनालिनचा परिणाम लवकर ओसरतच होता. म्हणजे त्याची विल्हेवाट लावणारं आणखी काहीतरी होतं. किरणोत्सारी खूण केलेलं नॉरॲड्रिनालिन मांजरांना टोचून पाहिलं, तर ते अनुकंपी चेतातंतू, म्हणजे नॉरॲड्रिनालिन सोडणारे तंतू, दाट असलेल्या अवयवांत जाऊन बसलेलं दिसलं. ते चेतातंतूंतच शिरतं की अवयवाच्या पेशींत? गेओर्ग हर्टिंग आणि ॲक्सेलरॉड यांनी यावर काढलेली तोड मला त्यांच्या सगळ्या कामात देखणी वाटते. मांजराच्या मानेतली चेतागंडिका, म्हणजे चेतापेशींची गाठ, फक्त एका बाजूची काढली. सुमारे आठवड्याभरात त्या बाजूचे तंतू मरून गेले. दुसरी बाजू शाबूत. मग खूण केलेलं नॉरॲड्रिनालिन टोचलं आणि दोन्ही बाजूंच्या लाळग्रंथी मोजल्या. शाबूत बाजूला किरणोत्सार भरपूर, तंतू मेलेल्या बाजूला जवळपास नाही. एकच मांजर, दोन बाजू, आणि उत्तर. चेतातंतू आपण सोडलेला संदेशवाहक रेणू पुन्हा स्वतःच गिळतो, हे १९६१ साली कळलं. कोकेन हे गिळणं अडवतं. इमिप्रामिन हे नैराश्यावरचं औषधही अडवतं. आज नैराश्यावर दिल्या जाणाऱ्या औषधांचा मोठा वर्ग याच कल्पनेवर उभा आहे.

मेंदूतल्या पीनियल ग्रंथीतलं मेलाटोनिन हे संप्रेरक आणि ते घडवणारी विकरं यांवरचं काम मी इथे आवरतं घेतो. पण रिचर्ड वर्टमन यांच्यासोबत केलेलं ॲड्रिनल ग्रंथीचं एक काम सांगायलाच हवं. या ग्रंथीचे दोन थर. बाहेरचा कॉर्टिसोलसारखी स्टेरॉइडं बनवतो, आतला ॲड्रिनालिन. एकमेकांशी संबंध नसलेली दोन बिऱ्हाडं एका घरात का राहतात, हे कोडं होतं. त्यांनी उंदरांची पीयूषिका ग्रंथी काढली. मेंदूच्या तळाची ही ग्रंथी ॲड्रिनलच्या बाहेरच्या थराला चालना देते. बाहेरचा थर मंदावला आणि आतल्या थरात ॲड्रिनालिन घडवणारं शेवटचं विकरही ओसरलं. बाहेरून स्टेरॉइड दिलं, विकर पुन्हा वर आलं. बाहेरच्या थरातून रक्ताबरोबर येणारं स्टेरॉइड आतल्या थराला ॲड्रिनालिन घडवायला लावतं. संप्रेरकशास्त्रातला हा शोध लावायला जे लागलं ते विकराची क्रिया अचूक मोजण्याचं कसब, आणि ते त्यांनी औषधांवर काम करताना कमावलं होतं.

या सगळ्यावर एक रास्त आक्षेप येईल. एका ॲक्सेलरॉडवरून धोरण ठरवता का? पदवी नसलेले हजारो लोक प्रयोगशाळांत होते, त्यांनी नोबेल मिळवलं नाही. शिवाय युद्धानंतरचा तो काळ सुगीचा होता. एनआयएचकडे पैसा दरवर्षी वाढत होता, शॅनन यांच्यासारखा माणूस अंदाजाने माणसं निवडू शकत होता, आणि संस्थेच्या आत काम करणाऱ्याला दर काही वर्षांनी अर्ज घेऊन दारोदार फिरावं लागत नव्हतं. आज एका जागेला शेकडो अर्ज येतात. कुठली तरी चाळणी लावावीच लागते.

हे बरंचसं मान्य आहे. यापेक्षा बोचरा आक्षेप मात्र दुसराच आहे, आणि तो मी सहसा कुणी मांडलेला पाहत नाही. ॲक्सेलरॉड यांना दार उघडलं ते ओळखीने. वरिष्ठाने ब्रॉडींचं नाव सांगितलं, ब्रॉडी शॅनन यांच्या मर्जीतले होते. पदवीची अट काढून टाकली तर तिची जागा ओळख घेईल, आणि ज्याला ओळख नाही त्याचे हाल आणखी वाढतील. ज्या माणसाला धर्म पाहून वैद्यकीय महाविद्यालयांनी परतवलं, त्याच्याच उदाहरणावरून लेखी अट उठवून मर्जी बसवणं हा कडवट विनोद ठरेल. लेखी अट निदान सर्वांना सारखी दिसते.

म्हणून अट उठवा असं मी म्हणत नाही. चाळणीची भोकं कुठे पाडायची, याबद्दल बोलतो आहे. जी कसोटी लावायची ती लेखी असावी, सर्वांना सारखी असावी, पण ती कामाची असावी. अर्जदाराने उभी केलेली पद्धत समोर ठेवायला सांगा. ती पद्धत दुसऱ्या प्रयोगशाळेत चालते का, हे विचारा. नाव झाकून वाचा. वर्षं मोजायचीच तर पदवीपासून न मोजता पहिल्या स्वतंत्र कामापासून मोजा, म्हणजे उशिरा आलेल्याला फुकटची सवलत मिळणार नाही आणि त्याची आधीची वर्षंही पुसली जाणार नाहीत. विषय बदलला म्हणून गुण कापायचे असतील, तर आधी त्या दोन विषयांत एकच कसब लागतं का, हे समितीने लिहून द्यावं. एवढं लिहायला लावलं तरी निम्मी कापाकापी थांबेल असा माझा अंदाज आहे.

आणि हजारोंनी नोबेल मिळवलं नाही, या आक्षेपाबद्दल एक. ते खरंच आहे, पण पदवी असलेल्या हजारोंनीही मिळवलं नाही, आणि त्यावरून कुणी पदवीला दोष देत नाही. चाळणी चांगली की वाईट हे ठरवायला खाली काय पडलं तेही पाहावं लागतं. संशोधनाच्या व्यवस्थेत खाली पडलेल्यांची नोंदच कुठे राहत नाही. ॲक्सेलरॉड पडता पडता वाचले म्हणून आपल्याला ते दिसतात.

आज मोठ्या प्रयोगशाळांत औषधांची आणि संप्रेरकांची मोजमापं होतात ती वस्तुमान-वर्णपटमापकांवर (मास स्पेक्ट्रोमीटर), आणि ती यंत्रं वर्षानुवर्षं चालवणारी माणसं बहुधा स्वतंत्र संशोधक म्हणवली जात नाहीत. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन कमी असलं की प्रतिपिंडांवर (अँटिबॉडी) आधारलेली चाचणी चुकीचे आकडे देते, स्त्रियांच्या आणि मुलांच्या बाबतीत तर विशेष, हे अशा यंत्रांवर काम करणाऱ्यांना केव्हाचं ठाऊक आहे. त्यांच्यापैकी कुणाला तरी हिशेब न जुळण्याची तीच खाज लागलेली असणार. बाकीचं गेलं कुठे, हे शोधायला त्यांना वेळ, थोडा पैसा आणि स्वतःचं नाव लागतं. यंत्र त्यांच्याकडे आहेच.

एनआयएचच्या अनुदानाच्या नियमांत प्रमुख संशोधकाला डॉक्टरेट असलीच पाहिजे असं लिहिलेलं नाही. प्रस्तावित काम करायचं कौशल्य, ज्ञान आणि साधनं ज्याच्याकडे आहेत त्याने आपल्या संस्थेमार्फत अर्ज करावा, असा तिथला सूर आहे. घोडं अडतं ते ‘संस्थेमार्फत’ इथे. कुणाला प्रमुख म्हणून पुढे करायचं हे विद्यापीठ ठरवतं, आणि विद्यापीठाच्या पदांच्या जाहिरातीत डॉक्टरेट पहिल्या ओळीत असते. तेव्हा कायदा बदलण्याची किंवा वॉशिंग्टनकडून परिपत्रक निघण्याची वाट पाहायचं कारण नाही. औषधशास्त्राच्या किंवा अंतःस्रावशास्त्राच्या एखाद्या विभागप्रमुखाने ठरवलं, तर पुढच्या जाहिरातीत त्या ओळीनंतर ‘किंवा स्वतः विकसित केलेल्या आणि इतरांनी वापरलेल्या मापनपद्धतीचा पुरावा’ एवढे शब्द घालता येतात.